लॉर्ड हाऊ बेटावर पक्षी पाहायला जाताना: आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

पहिल्या वेळी मी सगळं उलट्या क्रमाने केलं. सुट्टी जानेवारीत मिळत होती म्हणून जानेवारीचं तिकीट काढलं, राहायची जागा मिळाली तशी घेतली आणि पक्ष्यांची यादी सगळ्यात शेवटी केली. यादीत पहिलं नाव होतं प्रॉव्हिडन्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याचं. बेटावरच्या माऊंट गोवर या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गाईडला मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "वर किती दिसतील?" तो म्हणाला, "आत्ता एकही नाही. ते मार्चमध्ये येतात." आठ तासांची चढउतर केली, डोंगर सुंदरच होता, पण ज्याच्यासाठी एवढा समुद्र ओलांडला तो पक्षी तेव्हा हजारो किलोमीटर दूर पॅसिफिकवर होता. दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये गेले तेव्हा तो दिसला. तुमची ती मधली वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

लॉर्ड हाऊ हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, टास्मान समुद्रातलं छोटं बेट आहे. लांबी ११ किलोमीटर, आकार चंद्रकोरीसारखा, दक्षिण टोकाला गोवर आणि लिजबर्ड हे दोन उंच डोंगर आणि पश्चिमेला प्रवाळाने अडवलेलं उथळ निळं पाणी, म्हणजे लगून. कायमची वस्ती चारशेच्या आसपास आणि एका वेळी पाहुणेही चारशेच, त्याहून जास्त येऊ देत नाहीत. १९८२ पासून हा बेटसमूह जागतिक वारशाच्या यादीत आहे. हवामान उपोष्ण, म्हणजे ना कडक उन्हाळा ना बोचरी थंडी, पण वारा आणि पाऊस केव्हाही येतो. तयारी करताना हे वाक्य लक्षात ठेवा.

१. पक्षी निवडा, महिना त्यातून निघेल

इथले बहुतेक समुद्रपक्षी वर्षभर बेटावर नसतात. अंडी घालायला जमिनीवर येतात, पिल्लं उडाली की निघून जातात, आणि प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं. सगळे पक्षी एकाच वेळी दिसतील असा महिना वर्षात नाही, हे आधीच मान्य करून टाका. ढोबळ हिशेब असा:

- प्रॉव्हिडन्स पेट्रेल: मार्च ते नोव्हेंबर. हिवाळ्यात वीण करणारा पक्षी.
- फ्लेश-फूटेड शिअरवॉटर (स्थानिक लोक मटनबर्ड म्हणतात): सप्टेंबरअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत.
- सूटी टर्न, म्हणजे काळ्या पाठीचा सुरय: साधारण सप्टेंबर ते जानेवारी.
- रेड-टेल्ड ट्रॉपिकबर्ड: सप्टेंबर ते मे, कड्यांवरची हवाई कसरत उन्हाळ्यात जोरात असते.
- पांढरा सुरय: ऑक्टोबर ते मे.
- ब्लॅक-विंग्ड पेट्रेल: उन्हाळ्याचे महिने.
- मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी, आणि वुडहेन, करावाँग, गोल्डन व्हिसलर हे जंगलातले पक्षी: बारा महिने.

दक्षिण गोलार्ध आहे, तेव्हा डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळा आणि जून-जुलै म्हणजे हिवाळा. वाचताना कळतं, पण कॅलेंडर पाहताना हमखास विसरायला होतं.

माझं मत विचाराल तर दोनच खिडक्या आहेत. मार्चअखेर ते एप्रिल: प्रॉव्हिडन्स पेट्रेल आलेले असतात, ट्रॉपिकबर्डची पिल्लं कड्यात बसलेली असतात, शिअरवॉटरची पिल्लं बिळात असतात. दुसरी, ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात: सूटी टर्नच्या वसाहती भरलेल्या, शिअरवॉटर नुकते परतलेले आणि प्रॉव्हिडन्स पेट्रेलची पिल्लं अजून गेलेली नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एप्रिल घ्यावा असं मी म्हणेन. हिवाळ्यात गर्दी नसते हे खरं, पण राहायच्या बऱ्याच जागा तेव्हा बंद असतात आणि समुद्र खवळलेला असल्याने बोटी निघतीलच असं नाही.

२. राहायची जागा आधी, विमान नंतर

पाहुण्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे इथे खाट मिळणं हीच खरी अडचण आहे. तंबू ठोकायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे "गेल्यावर बघू" हा विचार डोक्यातून काढून टाका. निघण्याआधी बुकिंग पक्कं असावंच लागतं. चांगल्या महिन्यांच्या जागा वर्षभर आधी भरतात. तारखा पक्क्या झाल्या की त्याच दिवशी विमानाकडे वळा.

सिडनीहून पंख्याचं छोटं विमान जातं, दोन तासांच्या आत पोहोचवतं. बेटावरची धावपट्टी एक किलोमीटरहूनही आखूड आहे आणि दोन डोंगरांवरून येणारा वारा तिच्यावर आडवा घुसतो. विमान बेटाच्या वर घिरट्या घालून परत सिडनीला गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, तेही स्वच्छ उन्हात. वारा हेच कारण.

म्हणून एक नियम पाळा: बेटावरून परतायचा दिवस आणि मायदेशीचं विमान यांच्यात किमान दोन रात्री ठेवा. माझ्या पहिल्या सहलीत मी एकच रात्र ठेवली होती. विमान सलग दोन दिवस रद्द झालं आणि पुढचं लांबचं तिकीट वाया गेलं. कंपनीने जे देणं लागतं ते दिलं, पण वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं असली की दुसरी कंपनी पहिलीच्या उशिराची जबाबदारी घेत नाही. प्रवासविमा घेताना "हवामानामुळे चुकलेलं पुढचं विमान" यात धरलेलं आहे का, हे कलम शोधून वाचा.

बेटावर किमान सहा रात्री तरी राहा. डोंगर आणि बोट या दोन्ही गोष्टी हवामानावर अवलंबून असतात, आणि चार दिवसांच्या मुक्कामात दोन्ही हुकल्याची उदाहरणं मी तिथेच भेटलेल्या लोकांकडून ऐकली.

३. कागदपत्रं

लॉर्ड हाऊ न्यू साउथ वेल्स राज्याचा भाग आहे, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पुरतो. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिजिटर व्हिसा, उपवर्ग ६००, ऑनलाइन अर्ज. सोबत हे ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसा मंजुरीचं पत्र, छापील प्रत
- बेटावरच्या मुक्कामाचं पक्कं बुकिंग
- सिडनी ते बेट आणि परतीचं तिकीट
- प्रवासविम्याचे कागद
- रोजच्या औषधांसाठी डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी
- माऊंट गोवर आणि बोटीच्या आगाऊ नोंदणीची पावती

सगळं फोनमध्ये आहे यावर विसंबू नका. मी गेले तेव्हा बेटावर मोबाइलचं नेटवर्क नव्हतं. वायफाय मिळेल तिथेच काम व्हायचं. पक्ष्यांचं ॲप, नकाशे आणि आवाजाच्या फायली सिडनीतच उतरवून घ्या. थोडे रोख डॉलर जवळ असू द्या, कारण काही ठिकाणी माणूस नसतो, फक्त एक पेटी असते. वस्तू घ्यायची आणि पैसे पेटीत टाकायचे.

घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळ्यात बेट आणि सिडनीची वेळ एकच असते, पण हिवाळ्यात बेट अर्धा तास पुढे असतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हा बदल होतो, म्हणजे नेमका आपल्या दोन चांगल्या खिडक्यांच्या तोंडाशी. बोटीची वेळ विचारताना खात्री करून घ्या.

४. मोजक्या वजनात काय बसवायचं

छोट्या विमानात सामानाची मर्यादा कडक असते. माझ्या वेळी चेक-इनला १४ किलो होती. तुमच्या तिकिटावरचा आकडा पाहा. माझी विभागणी अशी होती: दुर्बीण, कॅमेरा आणि एक लेन्स गळ्यात आणि हातातल्या पिशवीत; बाकी सगळं खाली.

दुर्बीण ८×४२ घ्या, १०×४२ नको. बोटीवर हात हलतो आणि दहापट मोठं चित्र दहापट हलतं. पाण्यापासून पूर्ण सुरक्षित असलेलीच हवी. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची लांब पल्ल्याची दुर्बीण) मी दुसऱ्या वेळी नेलाच नाही आणि तो आठवलाही नाही, कारण इथले पक्षी जवळ येतात. लांबच लांब लेन्सचीही तीच गोष्ट. ३०० ते ४०० मिलिमीटरची हलकी लेन्स पुरते आणि पांढऱ्या सुरयासाठी तर तीही जास्त होते.

लाल प्रकाशाचा हेडलॅम्प मात्र हवाच. पांढऱ्याच दिव्यावर लाल पन्नी रबराने बांधली तरी चालेल. हलकं रेनकोट, पटकन वाळणारे कपडे, चांगल्या पकडीचे बूट, समुद्र लागू नये म्हणूनच्या गोळ्या, आणि दुर्बिणीच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने दुर्बिणीवरचं मीठ टिपा आणि मगच भिंग पुसा. कोरड्या कापडाने घासलं तर मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात.

५. बूट धुवा, खरोखर धुवा

ही पायरी लोक उरकून टाकतात. उरकू नका.

१९१८ च्या जूनमध्ये मकाम्बो नावाचं जहाज या बेटाशी खडकावर चढलं. त्यातून उंदीर किनाऱ्यावर आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत इथले पाच प्रकारचे रानपक्षी कायमचे संपले, त्यात एक चष्मेवाला होता, एक नाचण होता, एक मैनेच्या कुळातला होता. हे पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, सगळ्या बेटावर आमिष टाकून उंदीर काढण्याची मोहीम झाली. तिचा परिणाम आज डोळ्यांना दिसतो: झाडांखाली रोपांची दाटी, पायवाटेवर किडे, आणि रस्त्याच्या कडेने बिनधास्त फिरणारे वुडहेन.

बुटाच्या खाचेतली चिमूटभर माती हेच काम उलटं करू शकते. मुळं कुजवणारी बुरशी आणि झाडांवरचा मर्टल रस्ट हा तांबेरा, दोन्ही असेच प्रवास करतात. २०२३ मध्ये मर्टल रस्ट बेटावर पुन्हा सापडला तेव्हा जंगलाचा बराच भाग पाहुण्यांना बंद करावा लागला होता.

तेव्हा घरीच बुटाचे तळवे जुन्या टूथब्रशने घासा, बंद सोडवून जीभेखालची धूळ काढा, ट्रायपॉडच्या पायांच्या टोप्या उघडा, पिशवीचे कोपरे उलटे करून झटका, वेल्क्रोमधली गवताची कुसळं चिमट्याने काढा. ऑस्ट्रेलियात उतरताना मिळणाऱ्या घोषणापत्रावर जंगलात वापरलेले बूट आणि सगळे खाद्यपदार्थ लिहा. लिहून दाखवलं तर फार तर बूट धुवायला लावतील. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड होतो. बेटावर वास घेणारे कुत्रे सामान तपासतात, आणि पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायची सोय असते. प्रत्येक वेळी वापरा, माणूस बघत असो वा नसो.

६. पहिले दोन दिवस सायकलवर

पोहोचल्या पोहोचल्या डोंगर ठरवायची घाई होते. आधी नावनोंदणी करा, मग सायकल भाड्याने घ्या. हेल्मेट सक्तीचं आहे. गाड्या मोजक्या आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर, त्यामुळे रस्त्यावर डोळे वर करून चालवता येतं.

लगूनच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर उंच नॉरफोक पाइन आहेत. तिथे सायकल उभी करा आणि आडव्या फांद्या दुर्बिणीने एकेक करून तपासा. पांढरा सुरय घरटं बांधत नाही. फांदीवरच्या एखाद्या खोलगट जागी, नुसत्या सालीवर, एकच अंडं घालतो. मला दिसलेली फांदी माझ्या मनगटाएवढी होती. वारा सुटला की फांदी हलायची आणि तिच्यावर बसलेलं करड्या लवेचं पिल्लू पायांनी साल घट्ट धरून तसंच डुलायचं. त्याची नखं अंगाच्या मानाने मोठी असतात, ती याचसाठी. आई आली, चोचीत चार-पाच चकचकीत मासे आडवे धरलेले, आणि एकेक करून भरवत गेली. मी झाडाखाली तासभर उभी होते. पण अशा झाडाखाली घोळका करू नका, आणि पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरी नेऊ नका. बेटाचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड हाऊ आयलंड बोर्डाच्या माणसांना कळवा.

वुडहेन शोधावा लागत नाही. तो पाणकोंबडीच्या कुळातला, तपकिरी, उडता न येणारा पक्षी. जंगलात शांत उभं राहून दोन दगड एकमेकांवर हलकेच वाजवले तर आवाज कसला हे बघायला जोडीच्या जोडी येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस यांची संख्या तीसच्या आसपास होती आणि ते बहुतेक माऊंट गोवरच्या माथ्यावर उरले होते. १९८० मध्ये तिथून तीन जोड्या खाली आणून पैदास केली, रानडुकरं आणि मांजरं काढली, मग पिल्लं सोडली. उंदीर गेल्यावर संख्या हजाराच्या वर गेली. एक वुडहेन माझ्या बुटाच्या बंदाला चोचीने ओढत होता तेव्हा हा सगळा हिशेब डोळ्यांपुढे होता. पायात रंगीत कडी असतील तर रंगांचा क्रम, डावा-उजवा पाय आणि जागा टिपून घ्या. त्या नोंदी तिथे उपयोगी पडतात.

आणखी काय पाहाल: जंगलात पिवळ्या डोळ्यांचा काळा करावाँग, हिरव्या पंखांचा पाचू कवडा, तारेवर बसलेला सेक्रेड किंगफिशर नावाचा खंड्या. करावाँग पिशवीची चेन उघडतो, खाऊ बाहेर ठेवू नका. त्याला आणि कुठल्याही पक्ष्याला काही खायला घालू नका.

मलबार टेकडीवर (२०९ मीटर) दुपारी जा. सकाळी नव्हे. समुद्रावरचा वारा कड्यावर आदळून वर चढतो तेव्हा ट्रॉपिकबर्डच्या जोड्या त्या वाऱ्यावर उभ्या राहतात आणि एकमेकांभोवती मागे मागे जात गोल फिरतात. उलटं उडणारा पक्षी मी याआधी पाहिला नव्हता. शेपटीची ती दोन लाल पिसं उन्हात धाग्यासारखी दिसतात. कड्याला कठडा नाही, कॅमेऱ्यातून बघत पाऊल टाकू नका.

सूटी टर्नसाठी नॉर्थ बे आणि त्यावरचा माऊंट एलायझा. घरट्यांच्या काळात माथ्याकडचा भाग बंद ठेवतात, कारण अंडी थेट जमिनीवर असतात आणि पाऊल ठेवायला जागा नसते. फलक असेल तिथून परत फिरा. खालूनही भरपूर दिसतात.

७. संध्याकाळ: नेड्स बीच

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा. दुर्बीण समुद्राकडे लावली तर पाण्यावर काळे ठिपके दिसतील. ते शिअरवॉटर आहेत, अंधाराची वाट पाहत थव्याने पाण्यावर बसलेले. अंधारलं की एकेक आत यायला लागतो. पाय शरीराच्या फार मागे असल्याने यांना नीट चालता येत नाही. ताडाच्या पानांतून धडपडत खाली पडतात, क्षणभर तसेच बसतात, मग पोटावर सरपटत बिळाकडे जातात. पाच मिनिटांत आजूबाजूच्या जमिनीतून रडल्यासारखे, कण्हल्यासारखे आवाज सुरू होतात. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो.

इथले नियम मोडणारे बहुतेकदा पक्षीप्रेमीच असतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पायवाट सोडू नका; जमीन बिळांनी पोखरलेली असते आणि एका पावलात छत कोसळून पिल्लू गाडलं जातं. पांढरा दिवा आणि फ्लॅश बंद. पक्षी पायावर येऊन बसला तरी हात लावू नका. परतताना सायकल हातात धरून चाला, कारण काही पक्षी चक्क रस्त्यावर बसलेले असतात.

याच पक्ष्यांच्या पिल्लांच्या पोटात प्लास्टिकचे तुकडे सापडतात. पालक समुद्रावरून अन्न समजून उचलतात आणि भरवतात. या पिल्लांच्या जठरावर प्लास्टिकमुळे पडणाऱ्या व्रणांना शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये 'प्लास्टिकोसिस' असं नाव दिलं. मेच्या सुरुवातीला किनाऱ्यावर मेलेली पिल्लं दिसली तर त्यामागे हे असू शकतं. मला एक दिसलं होतं. छातीचं हाड हाताला लागावं इतकं खंगलेलं.

८. माऊंट गोवर, किंवा लिटल आयलंड

माऊंट गोवर ८७५ मीटर उंच आहे. परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. जाऊन येऊन साधारण १४ किलोमीटर, आठ तासांहून थोडं जास्त. सुरुवातीलाच समुद्रावर लटकलेली अरुंद वाट आहे, दोर धरून चालायचं, डोक्यावर हेल्मेट. पुढे दोर धरून सरळ चढ. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा उंचीची भीती असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा. अर्ध्यातून एकट्याला परत पाठवत नाहीत, सगळ्या गटाला थांबावं लागतं. चढाई आठवड्यातल्या ठरावीक दिवशी असते, म्हणून मुक्कामातला पहिला उपलब्ध दिवस घ्या. पाऊस आला तर दुसरा दिवस हातात राहतो.

माथ्यावर शेवाळलेलं ढगांचं जंगल आहे. एप्रिलमध्ये आम्ही पोहोचलो तेव्हा धुकं होतं, वर काहीच दिसत नव्हतं. गाईडने तोंडाशी हात धरून मोठ्याने आरोळी दिली. धुक्यातून एक पक्षी दगडासारखा खाली आला, फांद्यांना आपटत, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पानांत पडला. मग दुसरा, मग पाच-सहा. राखाडी-तपकिरी, काळी चोच, अजिबात न घाबरणारे. एक शेजारणीच्या मांडीजवळून चालत बिळात गेला.

या न घाबरण्याची किंमत त्यांनी मोजली आहे. नॉरफोक बेटावर १७९० च्या मार्चमध्ये सिरियस जहाज फुटलं आणि कैद्यांची वसाहत उपाशी पडली. तेव्हा लोकांनी हेच पक्षी मारून दिवस काढले, एकाच मोसमात दीड लाखाहून जास्त. देवाने पाठवले म्हणून नाव पडलं प्रॉव्हिडन्स. थोड्याच वर्षांत त्या मुख्य बेटावर एकही उरला नाही. आज जवळजवळ सगळी वीण लॉर्ड हाऊच्या या दोन डोंगरांवर होते.

म्हणून आरोळी देण्याचं काम गाईडवर सोडा आणि एकदाच पुरे म्हणा. खाली पडलेल्या पक्ष्याला पुन्हा उडायला झाडावर धडपडत चढावं लागतं किंवा मोकळी जागा शोधावी लागते. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा ओरडायचा आग्रह धरणारे मी पाहिलेत. तसं करू नका.

चढाई झेपणार नसेल तर मन खट्टू करायची गरज नाही. लगूनच्या दक्षिण टोकाला लिटल आयलंड नावाची जागा आहे. एप्रिलपासून रोज दुपार कलली की माऊंट लिजबर्डच्या कड्यापुढे शेकडो प्रॉव्हिडन्स पेट्रेल घिरट्या घालतात, तेही सपाट वाटेवर उभं राहून दिसतात. वुडहेन पायात असतातच. मी तिथे तीन संध्याकाळी गेले.

९. बॉल्स पिरॅमिडची बोट

बेटाच्या आग्नेयेला २३ किलोमीटरवर समुद्रातून साडेपाचशे मीटरहून उंच उभा राहिलेला खडक, म्हणजे बॉल्स पिरॅमिड. बोट अर्धा दिवस घेते आणि समुद्र शांत असेल तरच निघते. कर्मडेक पेट्रेल, व्हाइट-बेलीड स्टॉर्म पेट्रेल आणि ग्रे टर्नलेट यांच्यासाठी ही बोट घ्यायलाच हवी. कर्मडेक पेट्रेल पिरॅमिडच्या अगदी जवळ दिसतो; पंखांच्या टोकाशी पिसांच्या मुळांचे पांढरे डाग पाहा. स्टॉर्म पेट्रेल चिमणीहून थोडा मोठा, पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखा जातो, लाटेआड गेला की संपला.

गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बोटीच्या मागच्या बाजूला बसा, तिथे हेलकावे कमी असतात. पक्षी दिसला की "तिकडे" न ओरडता घड्याळाच्या काट्याने दिशा सांगा: बोटीचं टोक १२, मागची बाजू ६. आणि प्रत्येक पक्ष्याचा फोटो काढायच्या मागे लागू नका. आधी दहा सेकंद दुर्बिणीतून पाहा, पंखाखालचा रंग मनात धरा, मग कॅमेरा.

याच खडकावर २००१ मध्ये लॉर्ड हाऊचा मोठा काठीकिडा पुन्हा सापडला. मुख्य बेटावर उंदरांनी तो संपवला होता आणि सगळ्यांनी नामशेष मानला होता. बोटीतून तो दिसत नाही, पण कोणत्या कपारीकडे बघायचं ते बोटवाले दाखवतात.

१०. नोंदी त्याच दिवशी, आणि परतीची सकाळ

वायफाय मिळो न मिळो, वहीत त्याच रात्री लिहा: वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, संख्या. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना संख्येच्या जागी नुसतं "एक्स" लिहून सोडू नका, अंदाजे का होईना आकडा लिहा. दूरच्या बेटांवर नोंदी कमी असतात, तुमची एक यादीही मोलाची असते. घरट्यांची नेमकी जागा मात्र जाहीर करू नका.

निघायच्या दिवशी बूट पुन्हा धुवा, इथली माती पुढच्या ठिकाणी नको. दुर्बीण चेक-इनच्या पिशवीत टाकू नका. सप्टेंबर ते एप्रिलमध्ये धावपट्टीच्या कडेच्या गवतात सोनेरी चिखले आणि गॉडविट चरत असतात. एप्रिलमधले चिखले तर वीणीच्या रंगात येऊ लागलेले असतात, पोटावर काळे डाग पसरत चाललेले, उत्तरेच्या प्रवासाच्या तयारीत. विमानाला उशीर झाला तर कुंपणापाशी जाऊन उभे राहा.